जॅझमधला वादक कशाला धरून वाजवतो?

विचारलेला प्रश्न तीन भागांचा आहे: जॅझचा उगम नेमका कुठे झाला, शंभर-सव्वाशे वर्षांत त्याच्या इतक्या शैली का झाल्या, आणि रागसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाने त्यातली उपज कशी समजून घ्यावी. मी पस्तीस वर्षे सॅक्सोफोन वाजवतो आणि त्यातली बरीच वर्षे शिकवतोही, त्यामुळे उत्तर वादकाच्या बाजूने देतो. शैलींची नावे आणि सनावळी कुठल्याही पुस्तकात मिळतात. वाद्य हातात घेतलेल्या माणसाला मात्र प्रत्येक शैलीत एकच प्रश्न पडतो, की स्वतःचे वाजवायला सुरुवात केल्यावर मी धरून कशाला राहायचे? मूळ धुनेला, कॉर्डच्या (म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या) मालिकेला, एखाद्या स्वरसप्तकाला, की केवळ सोबत्यांच्या वाजवण्याला? हा आधार बदलत गेला तशी जॅझची शैली बदलत गेली, आणि तो का बदलला हे बहुतेक वेळा वादक कुठे, कोणासमोर आणि किती वेळ वाजवत होते यावरून कळते.

आफ्रिकेची लय आणि युरोपचा स्वरमेळ एकत्र आले आणि जॅझ जन्मले, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक नाही, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि युरोपीय मालक अमेरिकेच्या साऱ्या दक्षिण भागात होते. तरीही हे संगीत लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात आकाराला आले. साउथ कॅरोलायनात गुलामांच्या उठावानंतर १७४० मध्ये कायदा करून त्यांना ढोल वाजवायला मनाई करण्यात आली. लुइझियाना मात्र १८०३ मध्ये अमेरिकेने विकत घेईपर्यंत आधी फ्रेंचांच्या आणि मग स्पॅनिशांच्या ताब्यात होते, आणि तिथे गुलामांना रविवारी एकत्र जमून नाचता-वाजवता येत असे. १८१७ मध्ये नगरपालिकेने हे जमणे एकाच जागेपुरते मर्यादित केले, आणि ती जागा पुढे काँगो स्क्वेअर म्हणून प्रसिद्ध झाली. त्याआधी काही वर्षे, १८०९-१० मध्ये, हैतीतल्या क्रांतीमुळे परागंदा होऊन क्युबात राहिलेले नऊ हजारांवर लोक न्यू ऑर्लिन्सला येऊन पोहोचले होते आणि शहराची वस्ती जवळपास दुप्पट झाली होती. त्यांच्याबरोबर कॅरिबियन बेटांची लय आली. जेली रोल मॉर्टन हे पियानोवादक पुढे आग्रहाने सांगत, की धुनेत थोडी ‘स्पॅनिश छटा’ मिसळता आली नाही तर जॅझला योग्य ती चव येणार नाही. माझ्या अनुभवात हे अगदी खरे आहे; त्या काळची वाजवणी पियानोवर हाताला बसवताना डाव्या हातात ती हबानेरा या क्युबातल्या नृत्याची हेलकावे घेणारी चाल सापडल्याशिवाय उजव्या हाताची वाक्ये जागेवर बसत नाहीत.

दुसरे कारण सामाजिक आहे, आणि ते क्लेशदायक आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये मिश्र वंशाच्या, फ्रेंच बोलणाऱ्या, स्वतंत्र क्रिओल लोकांचा एक सुशिक्षित वर्ग होता. त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या क्लॅरिनेट आणि व्हायोलिन शिकवले जाई, त्यांना नोटेशन वाचता येई, ऑपेरा माहीत असे. शहराच्या दुसऱ्या भागात राहणारे कृष्णवर्णीय वादक कानाने शिकलेले होते. त्यांच्याकडे चर्चमधले गायन होते, कामाची गाणी होती आणि ब्लूज नावाची लोकगीते होती. १८९० मध्ये लुइझियानाने रेल्वेत वर्णानुसार वेगळे डबे करणारा कायदा केला. त्याला आव्हान देणारे होमर प्लेसी हे क्रिओलच होते, आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कायद्याच्या लेखी आता दोन्ही समाज एकाच रांगेत उभे राहिले. क्रिओल वादकांची जुनी कामे आणि जुना मान हळूहळू हातचा गेला आणि ते कानाने वाजवणाऱ्यांच्या बँडमध्ये येऊन बसू लागले. कागद वाचणारा आणि कागदाशिवाय वाजवणारा एकाच बाकावर बसल्याने जे घडले, त्याला मी जॅझचा उगम मानतो. एकाला वाद्यावरची सफाई द्यायची होती, दुसऱ्याला वाकवलेला सूर आणि मोकळी लय.

वाकवलेला सूर म्हणजे काय हे रागसंगीताच्या श्रोत्याला सांगणे सोपे आहे. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेवर असतो आणि तो एका जागी थांबत नाही, वर सरकतो किंवा खाली ढळतो. पियानोवर ही जागाच नसल्यामुळे पियानोवादक दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकत्र दाबून तिचा भास निर्माण करतात. ब्लूजचे रूप बारा बारचे असते, बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन समजा. पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डवर, पुढचे दोन मध्यमाच्या, दोन पुन्हा षड्जाच्या, मग एक पंचमाच्या, एक मध्यमाच्या, आणि शेवटचे दोन षड्जावर परत. गाण्याची पहिली ओळ दोनदा म्हटली जाते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते; प्रत्येक ओळीनंतर रिकामी जागा राहते, तिथे वाद्य बोलते. हा सवाल-जवाब जॅझच्या प्रत्येक शैलीत शेवटपर्यंत टिकला आहे.

बडी बोल्डेन या कॉर्नेटवादकांना (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखे वाद्य) पहिले जॅझवादक म्हणण्याची प्रथा आहे. त्यांचा काळ साधारण १८९५ ते १९०६. १९०७ मध्ये त्यांना मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि १९३१ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका आज आपल्याजवळ नाही. ज्या संगीताचे सारे अस्तित्व वाजवण्याच्या त्या एका क्षणात असते, त्याचा आरंभच ऐकायला उरलेला नाही, ही हानी मला आजही टोचते. पहिली जॅझ ध्वनिमुद्रिका मुद्रित झाली ती फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कला, आणि ती ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ या पाच गोऱ्या वादकांची होती. तोवर हे संगीत किमान वीस वर्षांचे झाले होते. ‘जॅझ’ हा शब्दही मूळचा संगीतातला नाही. १९१२-१३ च्या सुमारास तो कॅलिफोर्नियाच्या वृत्तपत्रांत बेसबॉलच्या बातम्यांमध्ये, जोम किंवा चैतन्य अशा अर्थाने येत होता. ड्यूक एलिंग्टन यांच्यासारख्या थोरांना तो आपल्या संगीतासाठी कधीच रुचला नाही.

त्या सुरुवातीच्या बँडमध्ये आधार असे तो मूळ धुनेचा. कॉर्नेट धून सांगत असे, क्लॅरिनेट तिच्या वरून वेलीसारखी नक्षी काढत असे, ट्रॉम्बोन खालून सरकत्या सुरांचा टेकू देत असे, आणि हे तिघे एकाच वेळी बोलत. रस्त्यावरच्या मिरवणुकीतून आणि अंत्ययात्रेतून हे बँड घडले होते. स्मशानाकडे जाताना संथ भजन, आणि परत येताना तीच मंडळी उडत्या चालीत वाजवीत, मागे लोकांची नाचती रांग. चालत्या बँडमध्ये मोठा ढोल एकाच्या गळ्यात आणि छोटा ताशासारखा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात असे. बँड सभागृहात बसल्यावर पायाने दाबायच्या पॅडलमुळे ही सारी वाद्ये एकट्या माणसाच्या ताब्यात आली. आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो तो असा तयार झाला.

या सामूहिक विणीतून एकट्या वादकाला बाहेर काढले ते लुई आर्मस्ट्राँग यांनी. ते १९२२ मध्ये गुरू किंग ऑलिव्हर यांच्या बोलावण्यावरून शिकागोला गेले. १९२३ च्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी, मायक्रोफोनऐवजी एका मोठ्या कर्ण्यासमोर सगळ्यांना उभे राहावे लागे, तेव्हा आर्मस्ट्राँग यांच्या कॉर्नेटपुढे ऑलिव्हर यांचा आवाज झाकोळू नये म्हणून आर्मस्ट्राँग यांना बरेच मागे उभे केले होते, अशी आठवण पियानोवादक लिल हार्डिन यांनी सांगितली आहे. पाच वर्षांनी, जून १९२८ मध्ये, आर्मस्ट्राँग यांनी ‘वेस्ट एंड ब्लूज’ मुद्रित केले. सुरुवातीचे दहा-बारा सेकंद ट्रम्पेट एकटेच वाजते, ताल नाही, साथ नाही. पहिले चार सूर जिन्याच्या पायऱ्यांसारखे ठाशीव पडतात, मग एकदम लहान कालांशांची चढण, वर क्षणभर विसावा, आणि तिथून वळणे घेत उतरत गाण्याच्या तोंडाशी येणे. आपल्याकडच्या कान असलेल्या माणसाला हा आलापच वाटेल. शेवटच्या आवर्तनात तर ते एकच उंच सूर जवळजवळ चार बार धरून ठेवतात आणि मग तो सुटतो तेव्हा अंगावर काटा येतो. या ध्वनिमुद्रिकेनंतर जॅझ हे एकल वादकाचे संगीत झाले.

स्विंग ही शैली आणि स्विंग हा गुण, या दोन गोष्टींची गल्लत होते. गुण असा, की एका मात्रेचे दोन भाग सारखे न पाडता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवायचा. शिकताना एका मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन जोडावेत असे सांगतात. पण लय चढते तसे हे प्रमाण सरळ होत जाते आणि प्रत्येक वादकाचे स्वतःचे वेगळे असते, म्हणून ते कागदावर लिहिता येत नाही. शिवाय टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. माझ्या नव्या विद्यार्थ्यांचा हात पहिल्या मात्रेवर, समेवर पडतो, आणि तो दुसरीवर आणायला दोन-तीन महिने लागतात. शैली म्हणून स्विंग ही १९३० च्या दशकातली. नृत्यगृहे मोठी झाली, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या सॅव्हॉयसारख्या नृत्यगृहात शेकडो जोडपी नाचू लागली, आणि ध्वनिक्षेपकाच्या मर्यादेत एवढ्या लोकांपर्यंत पोहोचायचे तर बारा-पंधरा वादक हवेत. पंधरा माणसे एकाच वेळी मनाने वाजवू शकत नाहीत, म्हणून लिखित रचना आली. फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडने सॅक्सोफोन एका बाजूला आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोन दुसऱ्या बाजूला ठेवून ब्लूजचा सवाल-जवाबच मोठ्या प्रमाणावर मांडला. कॅन्सस सिटीच्या काउंट बेसी यांच्या मंडळींनी बरेचसे काम कागदाशिवाय, तोंडी ठरवलेल्या छोट्या पलट्यांवर भागवले. एलिंग्टन तर वाद्यासाठी न लिहिता त्या वाद्यामागच्या विशिष्ट माणसासाठी लिहीत. ते ज्या कॉटन क्लबमध्ये १९२७ पासून वाजवत होते, तिथे मंचावर कृष्णवर्णीय आणि प्रेक्षागृहात केवळ गोरे, असा नियम होता. लोकप्रियतेचा मोठा वाटाही गोऱ्या बँडनायकांकडे गेला. बेनी गुडमन यांनी हेंडरसन यांच्याच मांडण्या वाजवून देशभर नाव मिळवले, मात्र त्यांनी टेडी विल्सन आणि लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना उघडपणे आपल्यासोबत मंचावर बसवले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

इथून पुढचे वळण मला सर्वांत मोलाचे वाटते. नृत्याच्या बँडमध्ये एकट्याला वाजवायला आठ किंवा सोळा बार मिळत. त्यात ज्यांचे भागत नव्हते ते तरुण आपले काम संपवून मध्यरात्रीनंतर हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये जमत. थेलोनियस मंक पियानोवर, केनी क्लार्क ड्रमवर; ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर येऊन मिळत. इथे नाचणारे कोणी नव्हते, त्यामुळे लय हवी तितकी चढवता येत होती. क्लार्क यांनी ताल धरण्याचे काम पायाच्या मोठ्या ढोलावरून काढून झांजेवर नेले, आणि ढोल अनपेक्षित जागी ठोके देण्यासाठी मोकळा झाला. वादकांनी धून सोडली आणि तिच्याखालची कॉर्डची मालिका तेवढी ठेवली. लोकप्रिय गाण्याच्या कॉर्ड तशाच, त्यावर नवी, अवघड, तुटक धून, आणि मग उपज. अमेरिकी कायद्यात धुनेवर हक्क सांगता येई, कॉर्डच्या मालिकेवर नाही, त्यामुळे हे व्यवहारालाही सोयीचे होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये पार्कर यांनी मुद्रित केलेले ‘को-को’ हे ‘चेरोकी’ या गाण्याच्या कॉर्डवर आहे, मिनिटाला ३०० मात्रांच्या आसपास. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता आणि शेवटच्या मोठ्या कंपन्यांपुरता तो १९४४ च्या अखेरीस उठला. त्यामुळे ही नवी शैली, म्हणजे बीबॉप, घडत असताना ते फारसे कोणाला ऐकायलाच मिळाले नाही, आणि जेव्हा मिळाले तेव्हा ते आकाशातून पडल्यासारखे वाटले.

माझे शिक्षक गोव्याचे होते. गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्य सरगम) आणि व्हायोलिन शिकून मुंबईत आलेल्या पिढीतले. ते पार्कर यांची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, मिनिटाला ३३ फेऱ्यांऐवजी १६ च्या वेगावर लावत. वेग निम्मा होई आणि सूर बरोबर एक सप्तक खाली जाई. मग म्हणत, “सॅक्सोफोन पेटीत ठेव. आधी गाऊन दाखव.” चार बार गळ्यातून नीट निघेपर्यंत वाद्याला हात लावू देत नसत. मी अडखळलो की ते त्या जागेवरची कॉर्ड पियानोवर वाजवत आणि दाखवत, की जो सूर मला चुकीचा वाटला होता तो पुढच्या कॉर्डचा आहे, पार्कर तिथे अर्धी मात्रा आधीच जाऊन पोहोचले आहेत. बीबॉप म्हणजे वेगाने वाजवलेले सूर ही समजूत त्या दिवशी माझ्यापुरती संपली. उपज म्हणजे मनाला येईल ते, हेही खरे नाही. प्रत्येक दोन मात्रांना पायाखालची फरशी बदलते आहे हे ठाऊक ठेवून काढलेले ते वाक्य असते.

बीबॉपनंतरच्या दशकातल्या शैली एकमेकींना दिलेली उत्तरे आहेत. कूलने आवाज आणि आवेश खाली आणला. हार्ड बॉपमध्ये आर्ट ब्लेकी आणि होरेस सिल्व्हर यांनी चर्चचे गायन आणि ब्लूज पुन्हा पुढे आणले. डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीने १९५९ मध्ये पाच आणि नऊ मात्रांची आवर्तने लोकप्रिय करून दाखवली. आदल्याच वर्षी ते भारतात दौरा करून गेले होते. एलपी आल्यामुळे जुन्या तबकडीचे तीन मिनिटांचे बंधनही सुटले. आपल्याकडे तीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल बसवणाऱ्यांनी जे सोसले, तेच पार्कर यांच्या पिढीने सोसले होते.

सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी १९५९-६० मध्ये कॉर्डची मालिकाच सोडून दिली. आता आधार उरला तो सोबत्यांच्या वाजवण्याचा. बंधने काढल्यावर सोपे होत असेल असे वाटते, पण फ्री जॅझ वाजवणे मला सर्वांत कठीण जाते, कारण तिथे ऐकण्यात क्षणभर खंड पडला तर परत येऊन उभे राहायला कोणतीही जागा नसते. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन या दोन्ही टोकांतून गेले. कॉर्ड सर्वाधिक गजबजलेली रचनाही त्यांची आणि एका स्वरावर दीर्घकाळ फिरणारी रचनाही त्यांचीच. पंडित रविशंकर यांच्याविषयी त्यांना इतका आदर होता, की त्यांनी मुलाचे नाव रवी ठेवले. त्यापुढचे फ्यूजन, म्हणजे विजेची वाद्ये आणि रॉकची सरळ लय, ट्रम्पेटवादक मायल्स डेव्हिस यांनी १९६९-७० मध्ये जॅझच्या मध्यभागी आणले. त्यांच्याबरोबर वाजवलेले गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन पुढे झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’त दिसले.

मुंबईचा संबंध याहून जुना आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड ताजमहाल हॉटेलात आला. नंतर टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे पियानोवादक इथे राहिले आणि गोव्याच्या वादकांना शेजारी बसून शिकता आले. त्यातलेच अल्दोन्याचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. नोटेशन वाचणारी ही मंडळी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला आली, आणि पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत चिक चॉकलेट यांच्या ट्रम्पेटने जॅझ थेट मराठी घरांतल्या रेडिओपर्यंत पोहोचवले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. माझ्या पिढीच्या वादकांनी तिथे पहिल्यांदा हे संगीत तबकडीबाहेर, श्वासाच्या आवाजासकट ऐकले.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग. रागसंगीताच्या कानाला सर्वांत लवकर वाट सापडते ती मायल्स डेव्हिस यांच्या ‘सो व्हॉट’ या रचनेत, जी २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कला मुद्रित झाली. इथे आधार कॉर्डच्या मालिकेचा नाही, स्वरसप्तकाचा आहे. पियानो आणि डबल बास या खर्जाच्या तंतुवाद्याच्या संथ प्रस्तावनेनंतर पॉल चेंबर्स यांचा बासच धून सांगतो आणि बाकीची वाद्ये प्रत्येक वेळी दोन कॉर्डचे उत्तर देतात. ब्लूजचा तोच सवाल-जवाब. स्वर ऐका: गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. हा आपला काफी थाट आहे. आवर्तन बत्तीस बारचे. पहिले सोळा बार या सप्तकात काढायचे. बोटांवर मोजत राहा. सतराव्या बारला सगळे सप्तक, षड्जासकट, अर्ध्या सुराने वर सरकते, आठ बार तिथे राहते आणि पंचविसाव्या बारला परत खाली येते. आपल्याकडे तानपुरा जुळवल्यावर षड्ज हलणे कल्पनेतही नाही; रागाच्या उपजेशी असलेले साम्य नेमके इथे संपते. धून झाल्यावर जिमी कॉब यांची झांज मोठ्याने पडते आणि डेव्हिस सुरू करतात. दोन आवर्तने ते वाजवतात, मग दोन कोल्ट्रेन, दोन कॅननबॉल ॲडरली. विद्यार्थ्यांना मी पहिले काही दिवस सुरांकडे लक्ष द्यायला सांगतच नाही. फक्त सतरावा बार आला की हात वर करायचा. डेव्हिस यांच्या दोन आवर्तनांत तो हात न चुकता वर जाऊ लागला, की मग कोल्ट्रेन यांच्याकडे वळायचे, कारण त्यांच्या सुरांच्या दाटीत तीच जागा ओळखायला पुन्हा नव्याने मोजावे लागते.